मायनं सोडलेला चहा

माझी माय चहाची वेडी. आमच्या गावात, परभणीकडं, हे सगळ्यांना ठाऊक. सकाळी अंगण झाडायच्या आधी तिच्या चुलीवर चहा उकळायचा. निंदायला गेली तरी पिशवीत पत्ती-साखरेच्या पुड्या बांधलेल्या, आणि दुपारी बांधावर तीन दगड मांडून पातेलं चढवलेलं. बायका चिडवायच्या, "हिला सरणावर ठेवली तरी उठून म्हणंल, थांबा गं, आधी घोटभर चहा द्या."

माय म्हणायची, "द्या मंग. अन् साखर जास्त टाका. तिकडं मिळती का न्हाई कोणाला ठाऊक."

अशा बाईनं माझ्यासाठी चहा सोडला होता. मी आजारी होते तेव्हा ती गावच्या देवीला बोलली होती, की माझी पोर बरी होऊन तुझ्या पायावर डोकं ठेवीपर्यंत चहा तोंडाला लावणार नाही. पोर बरी झाली. पण बरी होता होता ती ख्रिस्ती झाली. आता मूर्तीच्या पायावर डोकं ठेवणं तिच्याकडून होणार नव्हतं, आणि तिकडं चहा सुटलेलाच. सगळ्यात वाईट म्हणजे पोरीला, म्हणजे मला, यातलं काहीच माहीत नव्हतं.

मी आठवीतून शाळा सोडली. वडील त्याआधीच गेले होते. काही वर्षं मायबरोबर दुसऱ्यांच्या रानात गेले, मग मामेबहिणीनं बोईसरला बोलावून घेतलं. तिचा नवरा तारापूरच्या एमआयडीसीत होता. त्यानं मला पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात लावलं. घड्या पाडायच्या, पिना मारायच्या, गठ्ठे बांधायचे. माझ्याच टेबलावर समोर एक आदिवासी बाई होती, माझ्या मायच्या वयाची. ती वाणगावच्या पलीकडच्या पाड्यावरून यायची. मी तिला मावशी म्हणायचे. आज ती माझी सासू आहे, तरी तोंडात मावशीच येतं.

खोकला लागला तेव्हा मी पुठ्ठ्याच्या भुशावर ढकललं. मग ताप यायला लागला, अंग वाळत गेलं. सुपरवायझर म्हणाला, "घर जाके आराम करो, बाकी लड़कियां डर रही हैं." सरकारी दवाखान्यात थुंकी तपासली. टीबी निघाला.

बहिणीची एकच खोली आणि त्यात दोन लहान लेकरं. तिनं माझं ताट वेगळं केलं, मग अंथरूण दाराजवळ सरकवलं, मग एक दिवस रडत म्हणाली, "तू गावी जातीस का गं थोडे दिवस?" तिला मी दोष देत नाही. मला लेकरं असती तर मीही तेच म्हणाले असते.

पण गावी जायची माझी हिंमत नव्हती. भावाचं नवं लग्न, वहिनी पोटुशी. माझ्यामुळं त्या घरात काही झालं असतं तर? म्हणून मी मायला फोनवर सांगितलं, "साधा ताप आहे. येऊ नको. आलीस तर माझी शपथ आहे."

माय म्हणाली, "आवाज असा का येतोय मंग?"

"रेंज नाही इथं," मी म्हणाले.

कामावर गेले नाही म्हणून मावशी विचारत विचारत चाळीत आली. दाराजवळचं अंथरूण बघितलं आणि सगळं समजली. "पिशवी भर," म्हणाली.

मी म्हणाले, "मावशी, टीबी आहे."

"मंग? माजा नवरा टीबीतच गेला. टीबीनं नाय गेला, गोळ्या अर्ध्यात सोडल्या म्हनून गेला. तुला मी सोडू देनार नाय. चल."

तिच्या घराला कुडाच्या भिंती आणि पुढं मोकळी ओटी. आरोग्य सेविकेनं वारा पाहिजे म्हणून सांगितलं होतं, म्हणून माझी खाट ओटीवर. गोळ्यांनी मळमळायचं, लघवी लाल व्हायची, भाताचा वास नको वाटायचा. मावशी कामावरून यायची, हातपाय धुवायची आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची. ते घर मावशीच्या सासऱ्यापासून ख्रिस्ती. मला वाटायचं प्रार्थना म्हणजे काहीतरी पाठ केलेलं असणार. पण ती शेजारणीशी बोलल्यासारखी बोलायची. "येशू बाबा, हिनं आज सकाळची गोळी ओकली. उद्याची तरी आत राहू दे. आनि हिला भात खायला सांग, माजं ऐकत नाय." मला हसू यायचं. हसलं की खोकला. मग ती म्हणायची, "बाबा, आता हसतेय तरी."

एकदा ती नात्यातल्या लग्नाला गेली आणि त्या संध्याकाळी परत आली नाही. दिवेलागणीला मी ओटीवर एकटी. डोक्यावर हात नाही. खूप वेळ चुळबुळ केली, आणि मग माझ्याच तोंडातून निघालं, "येशू बाबा, मावशी आज नाही. मी भात खाल्ला." एवढंच. पण ते कोणीतरी ऐकलं, याची मला अशी खात्री झाली, की मी खाटेवर उठून बसले. पुढं वचन वाचायला शिकले, बाप्तिस्मा घेतला, खूप काही समजलं. पण माझा विश्वास म्हणाल तर तो त्या भातापासून आहे.

मावशीचा मुलगा वाणगाव स्टेशनवरून रिक्षा चालवायचा. मला आरोग्य केंद्रात तोच न्यायचा. मी म्हणायचे, भाड्याचं काय? तो म्हणायचा, "पेशंटला भाडं नाय. बरी झालीस की डबल घेईन." उपचार संपले, डॉक्टरांनी आता गोळ्या नकोत म्हणून सांगितलं, त्या दिवशी परत येताना त्यानं मिरचीच्या शेताशी रिक्षा थांबवली.

"आता भाडं," तो म्हणाला.

मी घाबरले. खरंच घाबरले. तो पुढं म्हणाला, "माज्या बाजूला मी पॅसेंजर बसवतो ना, ते बंद करीन म्हनतो. ती जागा तुला."

"पोलीस पकडतात पुढं बसलं की," मी म्हणाले.

"मंग मागं बस. पन बस."

मी घरी फोन करून सांगितलं, बाप्तिस्म्याचंही आणि लग्नाचंही. मायनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "जेवलीस का?" भावानं तिच्या हातून फोन घेतला आणि पुन्हा करू नको म्हणाला. लग्नाला माझ्याकडून कोणी आलं नाही.

नंतर माय शेजारणीच्या फोनवरून बोलायची, चोरून. माझं पहिलं वाक्य ठरलेलं, "माय, चहा झाला का?" ती म्हणायची, "झाला की." चार वर्षं ती मला "झाला की" म्हणत राहिली.

आमच्या मंडळीत रविवारी साक्ष द्यायची पद्धत आहे. उपासनेच्या मध्ये पाळक विचारतात, कोणाला काही सांगायचंय का, आणि माणसं उभी राहून सांगतात, देवानं आपल्याला कसं सोडवलं ते. माझी साक्ष लोकांना आवडायची. मला उमरोळीला बोलावलं, पालघरच्या मेळाव्यात बोलावलं. आठवीतून शाळा सोडलेली पोरगी, आयुष्यात कोणी माझं दोन मिनिटं ऐकलं नव्हतं, आणि इथं माईक समोर यायचा. सांगता सांगता साक्ष गुळगुळीत होत गेली. कुठं थांबलं की बायका पदर डोळ्याला लावतात, हे मला कळायला लागलं. सुरुवात ठरलेली, "मला या जगात कोणी नव्हतं. रक्ताच्या माणसांनी मला दाराबाहेर ठेवलं. तेव्हा येशू आला."

मला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करतात, पण माहेरी भाऊ. म्हणून सातवा संपता संपता मायच निघाली. भावाशी भांडून निघाली की सांगून, ते तिनं सांगितलं नाही. नवरा तिला आणायला कल्याणला गेला. ती ओटीवर आली तेव्हा मला वाटलं, ही किती लहान झाली! तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला, पोटावरून फिरवला, आणि पाठीवर ठेवून म्हणाली, "श्वास घे बरं." मी घेतला. "अजून घे." फुप्फुसं तपासत होती, तिच्या पद्धतीनं.

मावशीनं तोवर गवती चहाची पात घालून चहा केला. चांगल्या कपात आणला. माय म्हणाली, "मला नको बाई, मी चहा घेत न्हाई."

मी बघतच राहिले. "तू? चहा घेत नाहीस?"

"सोडला. पित्त होतंय."

मावशी कप घेऊन आत गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आणला, दूध जास्त घालून. पुन्हा नको. तिसऱ्या दिवशी तिनं आणलाच नाही. मायनं जेवण केलं, मावशीबरोबर भाकरी थापल्या, पण चहाचं नाव निघालं की तोंड फिरवायची. मावशी मला चुलीपाशी हळूच म्हणाली, "आमच्या घरचा चाय नाय चालत वाटते. जेवन पोटासाठी जेवते बिचारी. पन चाय मानाचा, तो कशाला घेईल?"

मला लाज वाटली. मायचीच लाज वाटली. ज्या बाईनं मला ओटीवर जागा दिली, तिच्या हातचा चहा हिला चालत नाही! मी मायशी तुटक बोलायला लागले. ती काही विचारायची, मी हो-नाही करायचे. ती माझ्या पायांना तेल लावायची आणि मी भिंतीकडं बघायचे.

रविवारी माय म्हणाली, "मी येऊ का तुझ्या देवळात? बसते मागं. कोणी काही म्हणणार न्हाई ना?" आली. मागं, चपला असतात तिथं जवळ, पदर डोक्यावर घेऊन बसली. पाळकांनी साक्ष विचारली. कोणीतरी म्हणालं, ताईला सांगू द्या, आता दिवस भरत आलेत. मी उठले.

मला शपथेवर विचाराल तर मी ठरवून बोलले नाही. तोंड उघडलं आणि ते आपोआप आलं, जसं दर वेळी येतं तसं. "मला या जगात कोणी नव्हतं."

पुढचं वाक्यही आलं. रक्ताच्या माणसांनी, दाराबाहेर. मागं माय बसली होती. तिनं पदर नीट केला आणि खाली सतरंजीकडं बघत राहिली. मी सगळी साक्ष संपवली. थांबायच्या जागी थांबलेसुद्धा.

घरी येताना रिक्षात माय मिरचीची शेतं बघत होती. "काळी माती न्हाई इथं," एवढंच म्हणाली.

सोमवारी मी पडून होते. मावशी आणि माय मागच्या अंगणात कुळीथ पाखडत होत्या. बऱ्याच वेळानं मावशी आत आली. तिला रागावलेलं मी फार कमी बघितलंय.

"तुजी आई चाय पीत नाय ते आमच्यामुळं नाय, तुज्यामुळं. मी विचारलं सरळ. म्हनलं, बाय, आमच्या हातचा चालत नसंल तर सांग, मी मनात ठेवनार नाय. तवा रडली ती. तू साधा ताप म्हनलीस, पन तिला आवाजावरनंच कळलं. तू ओटीवर पडलेली तवापासून सोडलाय. देवीला बोललीय. आनि तू काल सगळ्यांसमोर बोलतेस, कोनी नव्हतं?"

"मला माहीत नव्हतं, मावशी."

"आई होती ते तर माहीत होतं ना?"

तिला येऊ नको म्हणून शपथ मी घातली, आणि कोणी आलं नाही म्हणून माईकवर मीच सांगत फिरले.

मी अंगणात गेले. माय सूप हलवत होती. मी म्हणाले, "माय, मी बरी झाले. आता पी."

"तुला कोणी सांगितलं? बोलायची न्हाई होती ती विहीण."

"फोनवर झाला की, झाला की म्हणत होतीस."

"मंग काय म्हणू? तू विचारायचीस लई मायेनं."

"माय, आता पी ना."

"तसं कसं? शब्द हाय. बरी झाली ते झालंच, पण पायावर डोकं?" मग माझ्याकडं बघून घाईनं म्हणाली, "तू नको ठेवू. मी कुठं म्हणते ठेव? म्हणूनच सांगितलं न्हाई तुला. तुझं तुला धरून चाल. माझं मी बघते. चहा न पिऊन कोणी मरत न्हाई."

मी तेव्हा ज्या हिशोबात पडले त्यातून अजून बाहेर आले नाही. एकदा वाकलं की झालं. मायला चहा मिळेल. आणि मला माहीत होतं की मी वाकणार नाही. हट्ट म्हणून नाही. ज्यानं माझ्या भाताचं ऐकलं त्याला सोडून मला दुसरीकडं डोकं ठेवता येत नाही, एवढंच. पण माझ्या निष्ठेची किंमत माय भरत होती, रोज सकाळी, रिकाम्या तोंडानं.

मी पाळकांना विचारलं. त्यांनी खूप वेळ चष्मा पुसला. "डोकं ठेवू नकोस, बाई. आणि आईला टाकू नकोस. या दोन्हीच्या मध्ये काय करायचं, ते मला माहीत नाही. प्रार्थना करू." ते खरं बोलले म्हणून बरं वाटलं, पण उपाय काही मिळाला नाही.

इकडं मावशीनं घरात चहा बंद केला. "पाहुनी पीत नाय तर आमी कशे पिऊ?" नवऱ्यानं स्टेशनवर जाऊन प्यायला सुरुवात केली. माय चिडली. "माझ्या देवीशी तुमचं काय देणं-घेणं? करा चहा."

"नाय करनार. तुज्या देवीशी नाय, तुज्याशी हाय माजं."

"डोकं दुखंल तुमचं."

"दुखतंय ना. तुजं दुखलं नसंल काय?"

आणि दोघी हसायला लागल्या. मी दारात उभी होते, मला हसता आलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी मी साक्षीला उठले नाही. पुढं कधीतरी उठले तेव्हा "कोणी नव्हतं" हे ओठावर आलं आणि मी ते गिळलं. म्हणाले, "माझी आई होती. मी तिला येऊ दिलं नाही. देवानं मला मावशीच्या हाती दिलं." साक्ष छोटी झाली. कोणी डोळे पुसले नाहीत. बाहेरगावची बोलावणी आता फारशी येत नाहीत.

मुलगी झाली. माय तिला न्हाऊ-माखू घालायची आणि तिच्या पाठीला कान लावून श्वास ऐकायची. एके दिवशी तेल लावता लावता म्हणाली, "मी इचार केला. देवीला बोललं कोण? मी. तू तर तिकडं खाटेवर. तिनं तुझं तोंड कवा ऐकलं? मंग फेडायचं बी मीच. हिला कडेवर घेते अन् मीच पायावर डोकं ठेवते, तुझ्या वाटचं. तू नुसती सोबत ये. बाहेर उभी राहा."

"चालेल का देवीला?" मी विचारून गेले, आणि विचारल्यावर कळलं काय विचारलं ते.

"न चालून सांगती कोणाला? तिला मी लहानपणापासून ओळखते."

बाळाला तिथं न्यायचं म्हणून मी अस्वस्थ होते. नवरा म्हणाला, "आजी नातीला घेऊन जाते, त्यात काय?" मावशी म्हणाली, "येशू बाबाला मी सांगून ठेवते. तू जा. लय दिवस ठेवलंस तिला तसंच."

थंडीत आम्ही गेलो. भाऊ फाट्यावर मोटारसायकल घेऊन आला होता. बोलला नाही, पण बाळाला वारा लागू नये म्हणून गळ्यातला रुमाल काढून दिला. देवीचं ठाणं गावाबाहेर लिंबाखाली, एका माणसाला जेमतेम वाकता येईल एवढी खोली. माय नातीला घेऊन आत गेली. मी उन्हात उभी राहिले आणि डोळे मिटले. प्रभूला काय सांगावं सुचेना. माझ्या आईचं ऐक, म्हणावं तर ती बोलत होती दुसरीकडं. शेवटी म्हणाले, ती आत आहे आणि मी इथं आहे, तुला दोघी दिसतायत. आतून मायचा आवाज येत होता. तीही शेजारणीशी बोलल्यासारखीच बोलत होती.

घरी आल्यावर वहिनीनं चहा ठेवला. म्हशीचं दूध, आलं. सगळे गोळा झाले, शेजारणीसुद्धा. एक म्हणाली, "आज पातेलंभर लागंल हिला." मायनं बशीत ओतला, फुंकला, घोट घेतला. तोंडात धरून ठेवला. मग गिळला.

"गोड कमी झाला का?" वहिनीनं विचारलं.

"न्हाई गं. ब्येस झालाय." आणखी एक घोट घेतला. मग बशी हळूच माझ्याकडं सरकवली. "तू घे. मला आता नको वाटतंय."

"माय, असं नको करू. पी ना."

"पिईन की. उद्या पिईन."

दुसऱ्या दिवशीही प्यायली नाही. आम्ही होतो तोवर ती सकाळी उठून माझ्यासाठी चहा करायची, स्वतःला फक्त गरम पाणी घ्यायची. आता शब्द नव्हता, बंधन नव्हतं. नुसती गोडी गेली होती. ती परत कशी आणायची ते मला समजत नाही. मी प्रार्थनेत विचारते, पण विचारतानाही लाज वाटते, कारण मला स्वतःला काहीच कमी नाही. फुप्फुसं चांगली आहेत, नवरा आहे, लेक आहे, देव आहे.

त्या दिवशी ती बशी मी उचलली आणि प्यायले. माय समोर बसून बघत होती आणि खूश होती. तेच माझ्या मनाला जास्त लागतं.